माणूस मोजताना

१९४० च्या आगेमागे अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात, मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात कुणाला भेटायला आलेल्या माणसांना एक विनंती केली जाई. सध्या तुम्ही स्वतः कुठल्या डॉक्टरांचे उपचार घेत नसाल, तर एवढ्या विधानांवर ‘खरं’, ‘खोटं’ किंवा ‘सांगता येत नाही’ असं उत्तर द्याल का? विधानं साडेपाचशेच्या घरात होती. डोकेदुखी, झोप, देवधर्म, घरातले ताणतणाव, लोक आपल्या वाइटावर आहेत ही शंका, असं सगळं त्यात होतं. ७२४ जणांची उत्तरं जमली. पस्तिशीचा, लग्न झालेला, आठवीच्या आसपास शिकलेला, खेड्यातला किंवा छोट्या गावातला गोरा माणूस, असं त्यांचं सर्वसाधारण चित्र होतं. स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी या मंडळींना ‘नॉर्मल’ धरलं, त्यांच्या शेजारी मनोरुग्णांची उत्तरं ठेवली आणि १९४३ साली ‘मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी’ प्रसिद्ध झाली. एमएमपीआय या नावाने ती जगभर गेली. १९८९ मध्ये सुधारित आवृत्ती येईपर्यंत अमेरिकेत ज्याने कुणी ही चाचणी दिली, तो कळत-नकळत रुग्णालयात भेटीला आलेल्या त्या पाहुण्यांशी ताडून पाहिला जात होता.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. रुग्णालयाला दाखल होणाऱ्यांचं निदान लवकर हवं होतं आणि तुलनेसाठी जी धडधाकट माणसं हाताशी होती ती घेतली गेली. अडचण पुढे झाली. चाचणी रुग्णालयाबाहेर पडली, दुकानांत गेली, पोलीस भरतीत गेली, न्यायालयात गेली, आणि तिचा जन्म कशासाठी झाला होता हे विसरलं गेलं. व्यक्तिमत्त्वाच्या कुठल्याही चाचणीला तीन प्रश्न विचारावे लागतात: ती कुणाला हवी होती, कशासाठी हवी होती, आणि तुलनेला समोर कोण होतं? प्रस्तुत पुस्तक व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्राचा पसारा या तीन प्रश्नांच्या अंगाने मांडतं. मराठीत या विषयाची अभ्यासक्रमाला धरून लिहिलेली पुस्तकं आहेत. सिद्धांत आणि चाचण्या यांची एकत्र उलटतपासणी वाचायला मिळणं विरळा.

स्वभावांची वर्गवारी ही काही विसाव्या शतकाची देणगी नव्हे. दुसऱ्या शतकात गेलनने शरीरातल्या चार द्रवांवरून माणसांच्या प्रकृती सांगितल्या. चरकसंहितेत वात-पित्त-कफाच्या जोडीला सात्त्विक, राजस, तामस मनांचे पोटभेदही आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली, आणि तेवढ्यावर न थांबता पढतमूर्खाची वेगळी यादी दिली. शिकणं आणि वागणं यांतली फट इतकी नेमकी पकडणारी प्रश्नावली अजून व्हायची आहे, असं गमतीने म्हणता येईल. निरीक्षणाची बारकाई या सगळ्यांत होती. दोघांनी एकाच माणसाला वेगवेगळं पाहिलं तर दोघांचं मत जुळेल का, हे तपासायची रीत मात्र नव्हती. आधुनिक मानसशास्त्र आपलं वेगळेपण सांगतं ते इथे.

गंमत अशी, की या क्षेत्रातलं सगळ्यांत गाजलेलं नाव या रीतीच्या फारसं वाटेला गेलं नाही. सिग्मंड फ्रॉइडने व्हिएन्नातल्या आपल्या दवाखान्यात, कोचावर पडून बोलणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून सिद्धांत उभा केला. माणसाला जे ठाऊक असतं त्यापेक्षा जे ठाऊक नसतं तेच त्याला चालवतं, ही त्याची मुख्य धारणा. पुढे शिष्य वेगळे झाले. आल्फ्रेड अ‍ॅडलर १९११ मध्ये बाहेर पडला. कार्ल युंगने १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मांडली आणि ती आज चहाच्या टपरीवरही ऐकू येते. कॅरन हॉर्नीने फ्रॉइडच्या स्त्रीविषयक कल्पनांना आव्हान दिलं. भारतात ही लाट लवकर आली: गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रांतून वादही घातला. एरिक एरिक्सनने तर १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपाभोवती गांधीजींच्या मनाचा शोध घेणारं आख्खं पुस्तक लिहिलं. एका माणसाकडे किती वेळ आणि किती खोल पाहता येतं, हे या परंपरेने शिकवलं. चूक ठरण्याची जोखीम घेणारी विधानं तिने फारशी केली नाहीत, ही तिची उणी बाजू.

ही उणीव एका तरुणाला फार लवकर जाणवली. १९२० साली बावीस वर्षांचा गॉर्डन ऑलपोर्ट व्हिएन्नात फ्रॉइडला भेटायला गेला. फ्रॉइड गप्प. काहीतरी बोलायचं म्हणून ऑलपोर्टने येताना ट्रॅममध्ये पाहिलेली गोष्ट सांगितली: चारेक वर्षांचा एक मुलगा, घाणीची विलक्षण धास्ती असलेला, शेजारी कुणी मळकट माणूस बसायला नको म्हणून आईकडे हट्ट करत होता, आई कडक इस्त्रीतली, टापटिपीची. फ्रॉइडने ऐकून घेतलं आणि विचारलं, तो मुलगा म्हणजे तुम्हीच का? ऑलपोर्ट थक्क झाला. त्याच्या मनात दडलेलं असं त्या गोष्टीत काही नव्हतं, शांतता मोडायची होती एवढंच. खोल बुडी मारायच्या नादात वर तरंगणारं दिसेनासं होतं, असा बोध त्याने घेतला आणि आयुष्यभर जपला. (फ्रॉइडवादी यावरही हसून मान डोलावतील, हा भाग निराळा.)

हार्वर्डला परतल्यावर ऑलपोर्टने जे केलं ते वरकरणी कारकुनी काम होतं. हेन्री ऑडबर्टला बरोबर घेऊन त्याने इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश चाळला आणि माणसामाणसांतला फरक सांगणारे शब्द वेचले. १९३६ मध्ये यादी छापली तेव्हा ती १७,९५३ शब्दांची होती. त्यामागचा विचार साधा होता: स्वभावातला जो फरक लोकांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा वाटतो, त्यासाठी भाषेत शब्द तयार होतोच. मराठीपुरतंच बोलायचं तर तिरसट, खाष्ट, भिडस्त, घुमा, लोचट, हेकट, आतल्या गाठीचा, कुजकट, दिलदार अशी यादी कुणीही बसल्या जागी करू शकेल. यातले कोणते शब्द एकमेकांच्या हातात हात घालून येतात? खाष्ट माणूस बहुधा तिरसटही असतो का, आणि दिलदार माणूस भिडस्तही?

हा प्रश्न गणिताने सोडवायचा ध्यास रेमंड कॅटेलने घेतला. शब्दांची यादी गाळत गाळत, घटक विश्लेषणाच्या किचकट आकडेमोडीतून तो सोळा गुणांपर्यंत पोहोचला. १९४९ मध्ये त्याची ‘सिक्स्टीन पीएफ’ चाचणी आली. लंडनमध्ये हान्स आयझेंकला सोळा फार वाटले. महायुद्धाच्या काळात मानसिक त्रासामुळे दाखल झालेल्या सुमारे ७०० सैनिकांच्या नोंदींवरून त्याने बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता हे दोनच मुख्य अक्ष मांडले. तिसरा पुढे जोडला. दोघांच्या मधला आकडा सापडला तो अमेरिकी हवाई दलात. १९६१ मध्ये ट्यूप्स आणि ख्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांच्या माहितीत पुन्हा पुन्हा पाचच गट दिसले, पण त्यांचा अहवाल सरकारी कागदपत्रांत पडून राहिला. लुइस गोल्डबर्गने पुढे या पाचांना ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिलं. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी त्यांवर प्रश्नावली बेतली. नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं आणि मनाची अस्थिरता, असे हे पाच. आज या क्षेत्रातलं बहुतांश संशोधन याच पाचांच्या भाषेत होतं.

आयझेंकबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अशा गोष्टी पाठ्यपुस्तकांत उशिरा पोहोचतात. विशिष्ट स्वभावाच्या माणसांना कर्करोग होतो अशा आशयाचं त्याचं बरंच लेखन होतं. २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने त्याचे २६ शोधनिबंध विश्वास ठेवण्याजोगे नसल्याचं म्हटलं. त्याचा दोन अक्षांचा सिद्धांत त्यामुळे आपोआप खोटा ठरत नाही. पण मोठ्या नावाखाली काय काय खपून जातं, ते दिसतं.

जुळ्यांच्या अभ्यासांनी या गुणांमागची आनुवंशिकता साधारण चाळीस ते पन्नास टक्के ठरवली. या आकड्याइतका गैरसमज दुसऱ्या कुठल्या आकड्याने पसरवला नसेल. अर्धा स्वभाव आई-बापांकडून आला आणि अर्धा बाहेरून, असा त्याचा अर्थ होत नाही. एका लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. एकट्या माणसाला हा आकडा लावताच येत नाही.

सगळ्यांत चुरशीचा वाद मात्र वेगळाच आहे: स्वभाव म्हणून काही असतं का? १९२८ मध्ये ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी जवळपास अकरा हजार मुलांना फसवणुकीची संधी देऊन पाहिली. कधी वर्गात पेपर तपासताना, कधी खेळात, कधी घरी, कधी पैशाच्या मोहात टाकून. वर्गात नक्कल करणारं मूल खेळातही लबाडी करेलच, असं निघालं नाही. ‘प्रामाणिक मुलगा’ नावाचा पक्का प्राणी सापडेना. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने हा धागा उचलला आणि तोवरच्या संशोधनाचा हिशेब मांडला: स्वभावाच्या चाचणीचे गुण आणि प्रत्यक्ष वागणं यांचा सहसंबंध जेमतेम ०.३० च्या आसपास अडकतो. याचा ढोबळ अर्थ, वागण्यातल्या फरकाचा दहावा हिस्साही चाचणीने उलगडत नाही. परिस्थिती बदला, माणूस बदलतो.

गुणवाद्यांना हा घाव वर्मी लागला, आणि त्यातूनच या शास्त्रातलं उत्तम काम झालं. सिमोर एपस्टाइनने दाखवलं, की एका दिवसाच्या एका कृतीचं भाकीत करू नका. बऱ्याच दिवसांच्या वागण्याची सरासरी घ्या, सातत्य ठळक दिसतं. १९८३ मध्ये फंडर आणि ओझर यांनी डाव उलटवला. परिस्थितीची ताकद दाखवणारे जे प्रयोग सगळ्यांना तोंडपाठ होते, त्यांचे परिणाम त्याच मापात बसवले, तर तेही ०.४० च्या आसपास निघाले. म्हणजे ०.३० हा आकडा वाटतो तितका केविलवाणा नव्हे. मिशेल स्वतःही पुढे मवाळ झाला: माणसाचं सातत्य त्याच्या ‘जर-तर’मध्ये असतं, अमक्याने टोकलं तर उसळतो, तमक्याने टोकलं तर ऐकून घेतो, असं तो म्हणू लागला. सुनेला आणि मुलीला वेगळा न्याय लावणाऱ्या सासवा पाहिलेल्या मराठी वाचकाला यासाठी वेगळा प्रयोग लागू नये.

कार्ल रॉजर्स आणि अब्राहम मास्लो यांचा मानवतावादी संप्रदाय व्यवस्थापनाच्या वर्गांत इतका घोटला गेला आहे, की इथे नामोल्लेख पुरे. जॉर्ज केली मात्र उगाच मागे पडला. १९५५ मध्ये त्याने म्हटलं, की प्रत्येक माणूस आपल्यापुरता शास्त्रज्ञ असतो. त्याला आपल्या फूटपट्टीने मोजण्याआधी तो स्वतः जगाला कुठल्या फूटपट्टीने मोजतो ते विचारा. सगळ्या संप्रदायांत माणसाला ‘तुझ्या मते काय?’ असं इतक्या गांभीर्याने विचारणारा हाच. पुस्तकात त्याला मिळालेली जागा कुणाला जास्त वाटेल; ती योग्यच आहे.

सिद्धांतांची ही वाटचाल विद्यापीठांत आणि दवाखान्यांत झाली. चाचण्या जन्मल्या निकडीतून. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने सैनिक मनाने कोसळू लागले, तेव्हा अशी माणसं भरतीतच ओळखता यावीत म्हणून रॉबर्ट वुडवर्थने हो-नाही उत्तरांची प्रश्नावली तयार केली. ती वापरात येईपर्यंत युद्धच आवरलं. स्वित्झर्लंडमधल्या मनोरुग्णालयात हर्मान रोरशाखला निदानासाठी साधन हवं होतं. त्याचे वडील चित्रकला शिकवत, त्याचा स्वतःचा हात चांगला होता, आणि शाईच्या डागांचा नाद शाळेपासूनचा. १९२१ मध्ये त्याचे दहा डाग छापले गेले. त्याच्या मूळ डागांत नसलेल्या फिक्या-गडद छटा छपाईत उतरल्या. त्याला त्या आवडल्या, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्या छटांवरूनही निष्कर्ष काढले. पुढच्याच वर्षी, सदतिसाव्या वर्षी, रोरशाख गेला. पुढे त्याच्या डागांकडून मनाच्या एक्स-रेची अपेक्षा केली गेली. विचारप्रक्रियेतला बिघाड हुडकण्यात ते आजही उपयोगी पडतात. बाकीच्या अनेक दाव्यांचा पाया कच्चा आहे.

एमएमपीआयचं तंत्र याच्या अगदी उलट. विधान काय म्हणतं याच्याशी हॅथवेला फारसं देणंघेणं नव्हतं. रुग्णांचा गट आणि पाहुण्यांचा गट त्या विधानावर वेगळं उत्तर देतात का, एवढंच तो बघे. शिवाय उत्तर देणारा स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवतोय का, हे पकडणारी विधानंही आत पेरलेली होती. निदानासाठी हे नामी हत्यार. पण अमेरिकेतल्या एका कंपनीने ते व्यवस्थापकांच्या बढतीसाठी वापरलं, तेव्हा २००५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की ही वैद्यकीय तपासणी आहे, बढतीच्या आड ती आणता येणार नाही. चाचणी तीच, विचारणारा बदलला, की तिचा अर्थ बदलतो.

लोकप्रियतेत मात्र या सगळ्यांना मागे टाकलं ते मायर्स-ब्रिग्जच्या चार अक्षरांनी. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स, दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. युंग वाचून त्यांनी सोळा प्रकार बेतले. यात गुण मोजले जातात आणि मग मध्यावर रेघ मारून माणसाला अलीकडे किंवा पलीकडे ढकललं जातं. बहुतेक माणसं मध्याच्या आसपासच असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो. तरीही निकाल वाचून माणूस खूश होतो. का, ते बर्ट्राम फोररने १९४९ मध्ये दाखवून ठेवलं आहे. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं. ते किती जुळतं, यावर विद्यार्थ्यांनी पाचापैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं.

भारतात, आणि महाराष्ट्रात विशेष करून, व्यक्तिमत्त्व चाचणीची खरी धग जाणवते ती एसएसबीत. सैन्यातल्या अधिकारीपदासाठी पाच दिवस चालणारी ही निवड दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश निवड मंडळांची वारस आहे. छत्रपती संभाजीनगरची, १९७७ पासून चालणारी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व संस्था असो, की पुण्यातले खासगी वर्ग, दरवर्षी इथली मुलं या परीक्षेसाठी भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज गाठतात. मानसशास्त्राच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दिसतं, मग चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी अकरा चित्रं, आणि बारावा पडदा कोरा. त्यानंतर साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग, अर्धा तास. हार्वर्डमध्ये हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५ मध्ये मांडलेली चित्रकथांची पद्धत इथे रोज राबते: चित्र धूसर असलं, की माणूस त्यात स्वतःला ओततो, अशी तिची धारणा.

पण कोऱ्या पडद्यासाठी मुलं गोष्ट घरूनच घेऊन जातात. गोष्टीचा नायक पूरग्रस्त गावात पोहोचतो, तरुणांची फळी उभी करतो, पूल बांधतो. मुलगा स्वतःला ओतण्याऐवजी क्लासमध्ये घोटलेला नायक ओततो. मंडळांनाही हे ठाऊक असतं. म्हणूनच एकट्या गोष्टीवर निकाल लागत नाही, मैदानातली गटकामं आणि मुलाखत तिच्याशी ताडून बघतात, आणि पंधरा ‘ओएलक्यू’, म्हणजे अधिकाऱ्याला साजेसे गुण, शोधले जातात. व्यवस्था म्हणून ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. अडचण गावी परतल्यावर होते. ‘कॉन्फरन्स आउट’ झालेला, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत टिकून मग नाकारला गेलेला मुलगा आपलं व्यक्तिमत्त्वच नापास झालं असं धरून बसतो. वास्तविक सैन्याने विचारलेला प्रश्न एवढाच होता: हा मुलगा आत्ता, आमच्या कामासाठी, प्रशिक्षण देण्याजोगा आहे का? पुढच्या खेपेला यातलीच काही मुलं ‘रेकमेंड’ होतात.

हा विषय आज निकडीचा झाला तो मोजणारे वाढले म्हणून. नोकरीचा अर्ज भरताना पाच-दहा मिनिटांची स्वभावचाचणी आता सवयीची झाली आहे. २०१३ मध्ये फेसबुकवरच्या ‘लाइक’वरून पाच गुणांचा अंदाज बांधता येतो हे संशोधकांनी दाखवलं, आणि २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण उघडकीला आलं. त्या कंपनीने मतं खरोखर किती फिरवली याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे, पण माहिती कोट्यवधींची गेली हे खरं. आपल्याकडे मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन स्वभाव, बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’च्या जाहिराती शाळांपर्यंत पोहोचल्या. ठशांचा स्वभावाशी असा काही संबंध असल्याचा पुरावा नाही. भविष्य पाहणारा निदान आपल्याला विज्ञान म्हणवून घ्यायची फारशी खटपट करत नाही.

आणि तुलनेला समोर कोण, हा प्रश्न उरतोच. बिग फाइव्ह सगळ्या मानवजातीचे, असा दावा जोरात असताना बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत, शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या ६३२ जणांत, २०१३ च्या अभ्यासाला ते पाच गट सापडले नाहीत. त्याच वर्षी हिंदीतल्या स्वभाववाचक शब्दांवर झालेल्या अभ्यासात त्रिगुणांशी नातं सांगणारे गट दिसले. म्हणून बिग फाइव्ह टाकून द्यावेत असं नव्हे. शिकलेल्या, शहरी, पगारदार लोकांत ते चांगले चालतात. शिस्तीचा गुण कामातल्या कामगिरीशी अनेक व्यवसायांत जोडलेला दिसतो. ही पट्टी कुठे बनली ते लक्षात ठेवून ती वापरावी, इतकंच.

पुस्तकाची मांडणी संप्रदायांच्या क्रमाने जात नाही. ते निकडीच्या क्रमाने जातं: दवाखाना, सैन्य, शाळा, कार्यालय आणि मोबाइल. त्यामुळे फ्रॉइड आणि आयझेंक एकाच पानावर भेटतात, वाद घालतात, आणि संप्रदायांच्या भिंतीआड न दिसणारी नाती दिसतात. याची किंमतही आहे. परीक्षेसाठी वाचणाऱ्याला एका सिद्धांताचं सगळं एका जागी मिळणार नाही. त्याला सूची वापरावी लागेल. विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन कल्पना आकडेमोडीसकट दिल्या आहेत, आणि संख्याशास्त्राची धास्ती असलेल्यांनी ती पानं चुकवू नयेत, कारण बाकीचा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

एकही चाचणी इथे पूर्ण छापलेली नाही. २००९ मध्ये रोरशाखचे दहाही डाग विकिपीडियावर चढवले गेले तेव्हा मानसशास्त्रज्ञांत मोठा गदारोळ झाला होता. प्रश्न आधीच फुटले तर साधन निकामी होतं, हा त्यांचा आक्षेप होता आणि लेखकाने तो मान्य केलेला दिसतो. त्याऐवजी शेवटी समुपदेशक, शिक्षक आणि पालक यांच्यासाठी एक प्रश्नसूची आहे: तुलनेचा गट कोणता होता, मराठीत चाचणी आणताना तिची पुन्हा पडताळणी झाली का, अहवाल कोण वाचणार, तो किती वर्षं जपून ठेवणार, आणि ज्याची चाचणी घेतली त्याला तो दाखवणार का. शाळेतून किंवा कार्यालयातून चाचणीचा कागद हातात आला, तर सही करण्याआधी ही सूची काढून बसावं.